तेहतिसावा पाय

डोमाजी प्रेतं उचलायचा. तो त्याचा धंदा नव्हता. धंदा शेतीचा; आदिलाबादकडच्या जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या काठी, चार एकर कपाशी आणि ज्वारी. पण विशीत असताना त्यानं पुरातून वाहत आलेलं एक प्रेत बाहेर ओढलं आणि पोलिसांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं. पुढं कोणी विहिरीत पडलं, ट्रक उलटला, बस नाल्यात गेली, की ठाण्यातून सायकलवर शिपाई यायचा. डोमाजी बैल सोडून निघायचा. सोबत दोन बांबू, सुताचा दोर आणि रिकामी पोती.

मी दगडफोड्या. चाळीस वर्षं घण मारला. कोणाच्या कामात किती अंग लागतं ते मला पाहून कळतं. कापसाचं बोचकं उचलायला सोपं, ते एकजीव असतं. मेलेला माणूस चोहीकडून निसटतो. जिवंत माणूस पाठीवर घेऊन कोसभर चालता येतं. तोच मेला की दोघांना जड होतो. पाण्यात तीन दिवस राहिलेल्याला हात धरून ओढलं तर नुसता हात येतो. डोमाजी हात कधी धरत नसे. काखेखालून दोर घालायचा, गाठ छातीवर आणायचा, आणि पाण्याच्या ओढीबरोबर तिरपं काढायचा. मी त्याला एकदाच नदीवर काम करताना पाहिलं. एकही हिसका वाया गेला नाही.

त्याचा नियम एक होता. उचलला तो मोजला. न उचललेला मोजायचा नाही.

आमच्याकडं चितेभोवती मडकं फिरवताना त्याला भोक पाडायला जो खडा घेतात त्याला जीवखडा म्हणतात. मेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात राहतो असं धरतात. दहाव्याला तो नदीत सोडायचा. बेवारस प्रेतांचे जीवखडे डोमाजी स्वतः ठेवायचा आणि दहाव्याला स्वतः सोडायचा. त्यामुळं त्याच्या मोजणीत चूक होत नसे. एका वर्षी लग्नाचा ट्रक नाल्यात गेला. ठाण्यानं अकरा लिहिले. डोमाजी म्हणाला, बारा. जमादार चिडला. डोमाजीनं खाली बसून एका बाईच्या अंगावरचं लुगडं सोडलं. पोटाशी तान्हं होतं, चपटं झालेलं. जमादारानं एकदा तोंड फिरवलं आणि बारा लिहिले.

तेव्हापासून लोक म्हणायचे, डोमाजीनं म्हटलं म्हणजे तेवढेच.

१९८१ साली इंद्रवेल्लीला आदिवासींच्या सभेवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारनं तेरा सांगितले. लोक कोणी साठ म्हणायचे, कोणी शंभरावर जायचे. आदिलाबादच्या बाजारात चार जणांनी डोमाजीला अडवलं.

"तुमी सांगा बावा. किती गेले?"

"मी तिथं नव्हतो."

"तरी, अंदाज?"

"अंदाजानं ज्वारी पेरतेत," डोमाजी म्हणाला. "माणसं नाही."

तो असा माणूस होता. आता खाणीचं सांगतो.

१९८८. चैत्र संपत आला होता. तलमडुगूच्या अंगाला, आमच्या गावाच्या माळावर, सडकेच्या गिट्टीसाठी खाण लागली होती. गुत्तेदार बाहेरचा होता. ठेकेदाराला आमच्याकडं गुत्तेदार म्हणतात. आम्ही पंचवीस जण कामावर होतो. दगडाला पहारीनं भोक पाडायचं, हातभर खोल. एका भोकाला दोन माणसं आणि सगळी सकाळ. त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. ठासायचं आणि पेटवायचं काम मोतीरामचं. गावचाच पोरगा, तिशीतला. बाप बापूजी, बायको बयनाबाई. मूल नव्हतं.

मोतीराम काटेकोर होता. नऊ भोकं पेटवली तर नऊ आवाज झाले पाहिजेत. तो दगडाआड बसून बोटं दुमडत मोजायचा. एक आवाज कमी झाला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला खाली उतरू देत नसे. त्याच्या डाव्या पायाची करंगळी नव्हती. ती दगडाखाली गेली होती, माझ्यासमोर. त्या दिवशीही त्यानं आधी राहिलेले आवाज मोजले आणि मग बोंबलला.

त्या गुरुवारी नऊ भोकं पेटवली. आठ आवाज झाले.

मोतीराम म्हणाला, "एक राह्यला. आज कोणी उतरायचं नाही."

गुत्तेदार छत्री घेऊन उभा होता. सडकेवर गिट्टीसाठी ट्रक थांबले होते. तो म्हणाला, "दोन एक साथ उडे. चलो, उतरो."

"नाही उडाले, साहेब. दोन उडाले तं आवाज जाड येते."

"तू मेरे को सिखाता क्या?"

गुत्तेदारानं सगळ्यांना खाली पिटाळलं. वरून ओरडला, जो उतरणार नाही त्यानं उद्यापासून येऊ नये. माणसं उतरली. उन्हात नको म्हणून दारूची उरलेली पेटीही त्यानं खालीच कपारीत ठेवायला लावली. मोतीरामनं पाण्याची घागर घेतली. न उडालेलं भोक पाण्यानं धुऊन काढतात, दारू भिजून मरते. दुसरा उपाय नाही. तो जाताना मला म्हणाला, "मारोतराव, पहारी शेवटून आणा, घाई करू नका." मी चार बोथट पहारी शेवटायला, म्हणजे टोक काढायला, घेऊन लोहाराच्या भात्याकडं निघालो. मागं वळून पाहिलं तेव्हा मोतीराम त्या भोकापाशी गुडघ्यावर बसलेला होता आणि घागर वाकडी करत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी शंभर पावलं गेलो असेन. पाठीवर कोणी फळी मारल्यासारखं झालं. मी तोंडावर पडलो. आधी एक आवाज, मग पेटीचा. दुसरा मला ऐकू आला नाही, तो जमिनीतून हाडात आला. उठून बसलो तेव्हा वरून दगड पडत होते आणि दगडांबरोबर माणसं पडत होती. पूर्ण नव्हती. माझ्या शेजारी एक हात पडला, मुठीत घणाच्या दांड्याचा तुकडा धरलेला. खाणीची पूर्वेची भिंत खाली आली होती. धुळीतून एक जण चालत आला. त्याला खालचा जबडा नव्हता. तो माझ्याकडं पाहत उभा राहिला आणि उभ्याचा बसला.

डोमाजी दुपारी चारला आला. ठाण्याची जीप त्याला घेऊन आली. गावातली माणसं खाणीच्या काठावर होती, खाली उतरायला कोणी तयार नव्हतं. तो उतरला. आमच्यातल्या, लांबच्या टोकाला होते म्हणून वाचलेल्या तिघांना त्यानं हाताशी धरलं. दगड पहारीनं उचलायचा, खाली लाकूड सरकवायचं, मग ओढायचं. एकेका दगडाला चार माणसं. त्यानं माळावर सोळा जागा केल्या. प्रत्येक जागेवर पोतं. आधी धडं ठेवली. मग तुकडे आणले आणि लावून पाहिले. हात हाताला, मांडी मांडीला. जाडी पाहायचा, केस पाहायचा, रंग पाहायचा. डावं-उजवं पाहायचा. लावलेला तुकडा दोरानं बांधायचा. घरच्यांनी येऊन करदोडे, सदरे, गोंदणं ओळखली. गावच्या भगवानरावाचे दोन्ही मुलगे त्यात होते. भगवानराव एका मुलाजवळ बसला की दुसऱ्याकडं पाहायचा आणि उठून तिकडं जायचा. बराच वेळ तो तसाच ये-जा करत राहिला.

मग डोमाजी माळावर फिरला. खाणीच्या काठापासून चारी दिशांना दोनशे पावलं. बस आदळली तर माणूस पन्नास पावलं उडतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं चौपट धरलं. झुडुपं पाहिली, बांध पाहिले. दोनशे पावलांवर थांबला आणि परत आला. सुरुंगाचं त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी साडेतीनशे पावलांवर दगड पडलेला पाहिला होता. मी सांगायला पाहिजे होतं. मी डोकं धरून बसलो होतो, कानातून रक्त येत होतं, आणि मला कोणी विचारलं नाही. हे कारण पुरेसं नाही.

नवा फौजदार तेलुगू होता. त्यानं डोमाजीला विचारलं, "एंत मंदी?" म्हणजे किती माणसं. एवढं तेलुगू आमच्याकडं सगळ्यांना येतं.

"सोळा," डोमाजी म्हणाला. जमादारानं पंचनामा लिहिला. डोमाजीनं अंगठा दिला.

सोळांना सोळा नावं लागली. चौघं जखमी, आदिलाबादच्या दवाखान्यात. मोतीराम कशातच नव्हता.

गुत्तेदार जमादाराजवळ उभा होता. त्याला त्या क्षणी सुचलं असावं. तो म्हणाला, "बत्तीवाला किधर है? भाग गया ना? उसीने बीडी फेंकी."

मोतीराम बीडी ओढत नव्हता. तंबाखू खायचा. हे मी जमादाराला सांगितलं. तो भोकापाशी बसलेला होता, हेही सांगितलं. जमादारानं माझ्या कानातलं रक्त पाहिलं आणि म्हणाला, "जा, आधी डोकं दाखव."

बयनाबाई डोमाजीकडं आली. अंगावर कामाचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. ती रडत नव्हती.

"दादा, पुन्हा एकडाव पाहा ना. एक सुटला असंन."

"बाई, मी झाडून पाह्यलं. सोळाच हाय."

"तुमी म्हटलं तं लोक तेच धरतीन."

"म्हणूनच तं नीट पाह्यलं," डोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोळा चिता लागल्या. गावात एवढी वाळलेली लाकडं नव्हती. आम्ही दोन पडके गोठे फोडले. मी सकाळपासून कुऱ्हाड चालवली. एका माणसाला पाच मण लाकूड लागतं, ओलं असेल तर सात. त्या संध्याकाळी माझ्या तळहाताची कातडी निघाली होती.

त्याच दिवशी गावात बोलणं फिरलं. मोतीरामनं पेटवलं आणि पळाला. सोळा माणसं मारून पळाला. महाराष्ट्रात गेला असेल, नदीपलीकडं. बयनाबाईच्या हातात बांगड्या होत्या, त्यावरून बायका म्हणायला लागल्या, "मेला असता तं फोडल्या नसत्या का? हिले ठावं आहे तो कुठं आहे." ती फोडणार कशी? माणूस मेला म्हणायला प्रेत नाही. गावातला जाणता म्हातारा माणिकराव म्हणाला, प्रेत नसलं तर बारा वर्षं वाट पाहावी लागते, मग पळसाच्या काड्यांचा पुतळा करून जाळतात. तोवर तो जिवंत. आणि जिवंत म्हणजे सोळांचा खुनी. बापूजीच्या घरावर त्या संध्याकाळी दगड आले. कौलं फुटली.

डोमाजी गेला नव्हता. राख सावडल्याशिवाय तो गाव सोडत नसे. माझ्याकडं उतरला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सावडायला निघतच होतो, तर शेळ्या राखणारी राहीबाई दारात आली.

"डोमाजीभाऊ, नाल्यापल्याड बाभळीवर गिधाडं बसून राह्यलेत. माही शेळी तिकडं जात नाही."

डोमाजी लगेच उठला नाही. मग म्हणाला, "किती लांब?"

"खाणीपून? नाला वलांडून."

आम्ही पावलं मोजत गेलो. तीनशे चाळीस. बाभळीच्या कुंपणात, काट्यांवर, एक पाय अडकला होता. गुडघ्याखालचा. चार गिधाडं उडाली, पाचवं उडेना, त्याला मी दगड मारला. पोटरी अर्धी खाल्लेली होती. उरलेला पाय काळा पडून फुगला होता. पाऊल मात्र शाबूत होतं. डावं. करंगळी नव्हती.

मी म्हणालो, "मोतीराम."

डोमाजीनं काट्यात हात घातला. हात फाटले, त्यानं पाहिलं नाही. पाय काढून पोत्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मारोतराव, सोळा माणसं मी स्वतः बांधली. बत्तीस पाय मोजले. सोळा डावे, सोळा उजवे. हा तेहतिसावा."

"हो."

"अन् मी दोनशे पावलांवर थांबलो." त्यानं कुंपणाकडं पाहिलं. "थकलो होतो. दिवस होता अजून. मी थकलो म्हणून थांबलो."

तो एवढंच बोलला. मी तीस-चाळीस वर्षं माणसांना काम चुकवताना पाहिलं. चुकवलं असं तोंडानं म्हणणारा हा एकच.

पाय त्यानं राखेत घोळला, ओल्या पोत्यात बांधला आणि माझ्या अंगणात ठेवला. म्हणाला, कुत्रं येऊ देऊ नका. मी पहार घेऊन बसलो. तो ठाण्यात गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं.

जमादार म्हणाला, "एक टांग से आदमी नहीं बनता, डोमाजी."

"करंगळी नाही साहेब. मोतीरामचाच आहे."

"जखमी लोगों में किसी का होगा."

डोमाजी वळला, बस धरली, आदिलाबादला गेला. दवाखान्यात चौघं जखमी होते. त्यानं प्रत्येकाची चादर उचलली. परिचारिका ओरडली, "अहो, काय पाहता?" तो म्हणाला, "पाय." चार माणसं, आठ पाय. तो परत ठाण्यात आला.

"आठही आहेत साहेब."

"तो मोतीराम की टांग कट गई और वो भाग गया."

"लंगडी घालत गेला का, साहेब?" डोमाजी म्हणाला. "अन् एवढ्या रक्ताचा एक थेंब पडू दिला नाही?"

जमादारानं त्याच्या तोंडात मारली. डोमाजीला ती अपेक्षित होती. दुसरी नव्हती, ती काठीची, कोपरावर. जमादार म्हणाला, पंचनाम्यावर तुझा अंगठा आहे. सोळा म्हणजे सोळा. आता सतरा म्हटलास तर आधी खोटा अंगठा दिला म्हणून आत घालीन. डोमाजी म्हणाला, खोटा नव्हता, चुकला होता. तुमच्या कागदात दोन्हीला वेगळी जागा असेल. जमादारानं त्याला बाहेर काढलं.

तो गावात आला तेव्हा दिवस मावळतीला होता आणि बापूजीच्या घरापुढं माणसं जमली होती. चाळीस-पन्नास. पंधरा घरांची. कुऱ्हाडी होत्या, पहारी होत्या, एकाच्या हातात घासलेटचा डबा होता. दार फोडलेलं होतं. बापूजी अंगणात पडला होता, मनगट उलटं झालेलं. दोघांनी बयनाबाईला केसांना धरून बाहेर ओढलं होतं. तिचा ओठ फाटला होता. भगवानराव तिच्यासमोर कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"सांग, कुठं लपवला?"

"मले ठावं नाही."

"ठावं नाही तं बांगड्या काऊन ठेवल्या?"

"तुमीच सांगा मामंजी, फोडू का? फोडल्या तं म्हणसान, नाटक करून राह्यली."

कोणीतरी तिला पाठीत लाथ घातली. ती हातावर पडली. दोन बांगड्या फुटल्या. तिनं काचा घाईघाईनं गोळा केल्या आणि मुठीत धरल्या, जणू त्या अजून जोडता येणार होत्या.

डोमाजी माझ्या अंगणातून पोतं घेऊन आला. मी पहार घेऊन मागं होतो. त्याचा उजवा हात लोंबत होता. तो सरळ मधे गेला.

"हट रे," कोणी ओरडलं. "तुमचं काम झालं. सोळा मोजले ना?"

"तेच सांगायला आलो. मी चुकलो."

"काय?"

"मी चुकलो. सतरा आहेत."

गलका झाला. एक तरुण, ज्याचा भाऊ गेला होता, म्हणाला, "बापूजीकडून किती घेतले असं बोलायचे?" आणि हातातला दगड फेकला. तो डोमाजीच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात आलं. डोमाजीनं पुसलं नाही. एका हातानं पोत्याची गाठ सुटेना, म्हणून त्यानं दातानं सोडली. पोतं उलटं केलं.

वास आला तशी माणसं मागं सरली. घासलेटचा डबा धरलेला माणूस भिंतीशी जाऊन ओकला.

"भगवानराव," डोमाजी म्हणाला, "तुमच्या दोन्ही पोरांचे चार पाय मी तुमच्यासमोर बांधले. बांधले का नाही?"

भगवानराव मानेनं हो म्हणाला.

"प्रत्येकानं आपापल्या घरचे सांगा. कोणाचा एक पाय कमी होता?"

पंधरा घरांची माणसं तिथं होती आणि प्रत्येकानं आपलं प्रेत पाहिलं होतं.

"तं हा कोणाचा आहे? पळून गेला म्हणता त्याचा डावा पाय तीनशे चाळीस पावलांवर बाभळीत लटकून होता. मी दोनशेवर थांबलो. नीट गेलो असतो तं या बाईचे केस कोणाच्या हातात नसते. मारायचं तं मले मारा."

मला तेव्हा बोलावं लागलं. मी म्हणालो, "मोतीराम नववा आवाज राह्यला म्हणत होता. तुमची पोरं उतरली, ती गुत्तेदारानं उतरवली. हा घागर घेऊन त्या भोकापाशी गेला. सगळ्यात आधी तोच उडाला. बाकीचा सापडणार नाही. सापडण्यासारखा राह्यला नाही."

भगवानरावानं कुऱ्हाड खाली टेकवली. तो पायाजवळ येऊन वाकला. मग म्हणाला, "करंगळी नाही."

बयनाबाई उठली. तिनं ते पाऊल दोन्ही हातांत घेतलं. फुगलं होतं, कातडी सुटत होती. तिनं करंगळीच्या जागेवर अंगठा फिरवला. मग दाराचा उंबरठा होता त्यावर उजवा हात आपटला, मग डावा. बांगड्या सगळ्या फुटल्या. मनगटातून रक्त आलं. आणि मग ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा. भगवानराव कुऱ्हाडीला धरून तिथंच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिता रचायची होती. मी दीड मण लाकूड काढलं, पायापुरतं. डोमाजीनं पाहिलं.

"पुऱ्या माणसाची काढा."

"हात फाटलेत माझे."

"माहा मोडलाय. काढा."

मी पाच मण काढलं. माणिकराव म्हणाला, पाय मिळाला म्हणजे बारा वर्षांची अट उरली नाही, बाकी अंग पळसाचं करा. तीनशे साठ काड्या लागतात. इतक्या डोक्याच्या, इतक्या छातीच्या, इतक्या हातापायांच्या. माळावर पळसाची कमी नव्हती. पंधरा घरांतल्या पोरी जाऊन काड्या घेऊन आल्या. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. डोमाजीनं डाव्या हातानं एक-एक मोजून माणूस मांडला. डाव्या गुडघ्याखालच्या काड्या बाजूला काढून ठेवल्या. तिथं पाय ठेवला. पोतं बयनाबाईनं घरापासून स्वतः डोक्यावर आणलं होतं, कोणाला हात लावू दिला नाही. चार किलोच्या वर भरलं नसतं. वाटेत ती दोनदा थांबली.

मडक्याला भोक पाडायचा खडा डोमाजीनं खाणीतून आणला. काळा, हरभऱ्याएवढा. बापूजीचं मनगट मोडलेलं, म्हणून मडकं बयनाबाईनं फिरवलं. आमच्याकडं बाया मसणात येत नाहीत. त्या दिवशी कोणी अडवलं नाही. दहाव्याला सतरा जीवखडे एकाच बसनं पैनगंगेवर गेले. सोळा घरं एकत्र. कंडक्टरनं विचारलं, कितीचं तिकीट? डोमाजी म्हणाला, जिवंतांचं फाड.

पुढं चौकशी झाली. डोमाजीला बोलावलं. तो सतरा म्हणाला. कागदावर सोळा मृत, एक फरार असं राहिलं. गुत्तेदार दुसऱ्या तालुक्यात खाण लावून बसला. ठाण्यानं डोमाजीला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्याचं कोपर वाकडं बसलं, त्या हातानं दोर ओढता येत नसे. पण लोक बोलवायचे. नदीच्या दोन्ही काठांचे. तो जायचा, काठावर बसून तरुणांना सांगायचा: काखेखालून घाला, हात धरू नका. आणि शोधायला लावायचा तेव्हा ठरलेल्या अंतरावर थांबू देत नसे. तो म्हणायचा, "थकले का? मंग आता आणखी दीडशे पावलं." १९९६ च्या उन्हाळ्यात तो वारला, वखर चालवताना. चितेचं लाकूड मी फोडलं. पाच मण.

फरार माणसाचा कागद मात्र मरत नाही. दर एक-दोन वर्षांनी ठाण्यातून नवा शिपाई बयनाबाईच्या दारात यायचा. ती आता एकटी होती, बापूजी गेला होता. मोकळ्या मनगटांनी ती भाजीचा वाफा खुरपत असायची. १९९७ साली आला तो पोरगेला होता, तेलुगू, मोडकं मराठी बोलणारा. मी तिच्या ओट्यावर होतो. त्यानं कागद पाहून नाव वाचलं.

"मोतीराम कुठं आहे?"

तिनं त्याला पाणी दिलं. तो प्यायला. तांब्या परत घेऊन ती म्हणाली, "चार किलो मी जाळला, बावा, माह्या हातानं. बाकीचा तुमाले सापडला तं आणून द्या. लाकडं तयार आहेत."